‘ये’ शिकवायचं राहिलं

माझ्या कुत्र्याचं नाव बॉबिन. पिल्लू असताना त्यानं मशीनच्या खणातली एक बॉबिन धाग्यासकट गिळली आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर काढली, तेव्हापासून दुसरं नाव सुचलंच नाही. हा किस्सा मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. पुढचा भाग आजवर कुणाला सांगितलेला नाही. लिहून काढतोय, कारण लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. सगळे मला मास्तर म्हणतात. शिंप्याला मास्तर म्हणायची रीतच आहे, त्यात माझं काही कौतुक नाही. पण मला ते नेहमीच जरा जास्त गोड लागत आलंय. कापायच्या टेबलावर माझ्या उजव्या हाताला गज असतो. तीन फुटांची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पितळेची टोपी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांचा तो गज. त्यांनी त्यानं कापड मोजलं आणि आम्हालाही.

कुत्रा मुलानं आणून दिला. बायको गेल्यावर सहा महिन्यांनी एका दुपारी त्यानं पिल्लाची टोपली टेबलावर ठेवली, म्हणाला, “घरात कुणीतरी असू दे, बाबा,” ग्लासभर पाणी प्यायला आणि गेला. माझा मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा पाणी पितो. जेवत नाही. बूटही सहसा काढत नाही, दारापाशीच उभा राहतो. घाई आहे म्हणतो. माणसाला बारा वर्षं सलग घाई असू शकते, असं मी मानून घेतलं होतं.

सून मात्र मोकळ्या स्वभावाची. दवाखान्यात नर्स आहे. या वर्षी तिची ड्यूटी दुपारची झाली. नात पहिलीत जाणार, शाळा साडेबाराला सुटणार, आईबाप घरी येणार सातला. मधल्या वेळात पोरीला ठेवायचं कुठं? सूनच म्हणाली, “बाबा आहेत ना! दिवसभर घरातच असतात. परक्याकडे कशाला?” मुलगा काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला एरवी ऐकू येतं. त्या दिवशी मी कानाडोळा केला.

कारण मला नात हवी होती. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी काय काय केलं त्याचं मूळ कळेल. हिच्या जाण्यानंतर घरात माणसाचा आवाज म्हणजे ‘मास्तर, कधी देताय?’ एवढाच. रोज दुपारी एक पोर माझ्या टेबलाशेजारी बसून बटणं निवडेल, चुकीची निवडेल, मला हजार प्रश्न विचारेल, या विचारानं मी इतका हरखलो की तिच्यासाठी एक बुटकं स्टूल आणलं, त्यावर गादी शिवली आणि पत्र्याच्या डब्यातली सगळी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करून ठेवली.

पहिल्याच रविवारी ते तिघं बघायला आले आणि बॉबिननं घात केला. नात दारातून आत आली आणि हा पठ्ठ्या आनंदानं थेट तिच्या छातीवर. पोर मागं पडली, मशीनच्या लोखंडी पायावर कपाळ आपटलं, हां हां म्हणता टेंगूळ आलं. रडारड झाली. सून म्हणाली, “होतं असं, लहान आहे तो.” मुलानं पोरीला उचलून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “शाळा सुरू व्हायला महिना आहे. तोवर कुत्रा ऐकायला लागला तर बघू. नाहीतर शाळेजवळ पाळणाघर आहे.”

एक महिना! अहो, महिन्यात मी दोन लग्नांचे कोट काढतो. कुत्र्याची काय बिशाद!

माझं एक गिऱ्हाईक आहे, उभ्या जन्मात कुत्रीच सांभाळलेला माणूस. पूर्वी कुठल्याशा गोदामावर पहाऱ्याची कुत्री तयार करायचे. आम्ही त्यांना कुत्रेवाले म्हणतो, त्यांच्या तोंडावरही. ते पँटची कंबर सैल करून घ्यायला आले होते. त्यांच्या कमरेचं माप घेता घेता मी माझं गाऱ्हाणं घातलं.

“सोपं आहे मास्तर,” ते श्वास रोखून म्हणाले. “हातात खाऊ, तोंडात एक शब्द, डोक्यात बर्फ. शब्द एकदाच म्हणायचा. दहादा म्हटला की त्याची किंमत जाते. एकदा म्हणा आणि वाट बघा. जमलं की लगेच खाऊ. नाही जमलं तर नाही, राग नाही. पाच मिनिटं सकाळी, पाच दुपारी, पाच संध्याकाळी.”

“आणि नाहीच ऐकलं तर?”

“तर तुम्ही शिकवायला चुकलात. श्वास सोडू का आता?”

पाच शब्द त्यांनी मला लिहून दिले, पावतीच्या मागच्या बाजूला: बस, खाली, थांब, सोड, ये. ‘ये’च्या खाली दोन रेघा ओढल्या. “हा पहिला. आणि एक लक्षात ठेवा, बोलावून कधी रागवायचं नाही. एकदा जरी बोलावून रागावलात, तर जन्मभर येणार नाही.”

मी ती पावती मशीनच्या वर भिंतीला टाचणीनं लावली. आणि ‘बस’पासून सुरुवात केली, कारण मला बसलेला कुत्रा हवा होता. येणारा कुत्रा तर माझ्याकडे होताच. येतो म्हणून तर पंचाईत झाली होती.

पहिले आठ दिवस मी शहाण्यासारखा वागलो. उकडलेल्या अंड्याचा तुकडा बॉबिनच्या नाकाशी धरायचा, मग हळूच डोक्यावरून मागं न्यायचा. नाक वर जातं, आपोआप बूड खाली टेकतं. “बस.” तुकडा तोंडात. तिसऱ्या दिवशी तो नुसत्या शब्दावर बसला तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. ‘खाली’ही बऱ्यापैकी जमलं. घोडं अडलं ते ‘थांब’वर. मी पाठ वळवली की हा उठलाच. मी दहादा म्हणायचो, वीसदा म्हणायचो, आवाज चढायचा. पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीवरची पावती मला दिसत होती, पण तिच्यावर ‘डोक्यात बर्फ’ लिहिलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी एका साहेबांचा कोट ट्रायलला तयार होता. फिक्या राखाडी रंगाचा, नुसत्या कच्च्या धाग्यावर उभा. मी तो पुतळ्यावर चढवला आणि चहा घ्यायला आत गेलो. बाहेर आलो तर डावी बाही बॉबिनच्या तोंडात, आणि तो ती अशी झटकत होता, जणू मी त्याच्यासाठीच शिवली होती.

“सोड!” मी ओरडलो. त्यानं शेपटी हलवली. त्याला वाटलं खेळ आहे.

“ये इकडे!” मी म्हटलं.

आणि तो आला. बाही तोंडात तशीच धरून, कान उडवत, आनंदानं आला. तोवर गज माझ्या हातात होता.

किती मारलं ते मी मोजलं आहे. तीन. पहिला पाठीवर, दुसरा पाठीवर, तिसरा मागच्या मांडीवर, कडेनं. तो किंचाळला, बाही टाकली आणि बसला. असा बसला की पुढं पाच मिनिटं त्यानं डोळ्याची पापणीही हलवली नाही. मी हाशहुश करत उभा होतो आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी कुत्र्याच्या खोडीबद्दलच विचार करत होतो.

त्यानंतर मला एकदाही मारावं लागलं नाही. गजाचं टोक टेबलावर ठक् वाजवलं की पुरे. ठक्, बस. ठक्, खाली. ठक्, थांब, आणि मी आत जाऊन चहा करून, पिऊन, कप विसळून बाहेर आलो तरी हा तिथेच, हात लावावा तर लाकूड. चार दिवसांत चार शब्द. साहेबांची बाही मी नवी कापून बसवली, त्यांना काही कळलंही नाही.

कुत्रेवाले पँट न्यायला आले तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सगळं करून दाखवलं.

“वा,” ते म्हणाले. जरा वेळ बॉबिनकडे बघत राहिले. “कान कधीपासून असे पाडून बसतो?”

“शिस्त लागलीय. तुमच्याच पद्धतीनं शिकवलं बरं का, अंडी संपली घरातली!”

“असं होय. आणि ‘ये’?”

“ते तेवढं राहिलंय.”

ते आणखी काही विचारतील म्हणून मी त्यांच्या पँटची इस्त्री पुन्हा एकदा करायला घेतली. चोराच्या मनात चांदणं. ते पँट घेऊन गेले, आणि दारातून वळून बॉबिनला “येतो रे बाबा” म्हणाले. मला नाही म्हणाले.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी त्याला सुट्टीत शिवण शिकवत असे. चांगला हात होता त्याचा, माझ्यापेक्षा बरा. पण टीप तिरकी जायची. लहान मुलाची टीप तिरकी जाणारच. पाय पायपट्टीला जेमतेम पुरायचे. मी मागं उभा राहायचो. एक तिरकी टीप, बोटांवर एक गज. तसंच मी शिकलो होतो, आणि शिकलो होतो ना! ही आतल्या खोलीत काजं करत बसलेली असायची. ‘ठक्’ ऐकू आलं की तिची कात्री थांबायची. जेवताना ती विचारायची, “बोटाला काय झालं रे?” आणि तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, “सुई लागली.” सुईनं असा आडवा वळ उठत नाही, हे शिंप्याच्या बायकोला कळत नसेल होय? तिनंही कधी पुढं विचारलं नाही. चार सुट्ट्या असं चाललं. मग तो म्हणाला मला शिवण नको, मला शाळेतलं विज्ञान आवडतं. आज तो पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, चांगलं करतो. त्याच्या शर्टाची बटणं मात्र कुणी दुसराच शिंपी लावतो.

महिना संपायच्या आदल्या रविवारी तिघं आली. मी सकाळपासून तयार होतो. फरशी पुसली, कातरण गोळा केलं, बटणांचा डबा स्टुलावर ठेवला. नात येताच स्टुलावर बसली आणि म्हणाली, “हे माझं?” मी म्हटलं, “तुझंच.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मुलगा दाराजवळ उभा राहिला, टेबलाच्या कडेवर हात ठेवून. बूट पायातच.

“चला,” मी म्हटलं, “बघा आता आमच्या चिरंजीवांना!”

गज मी सहज हातात घेतल्यासारखा घेतला. ठक्. “बस.” बॉबिन बसला. सून “अगं बाई!” म्हणाली. ठक्. “खाली.” तो फरशीला चिकटला. मी त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर बिस्किट ठेवलं. ठक्. “थांब.” बिस्किटाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. त्याची नजर गजाच्या पितळी टोपीवर होती. नात खिदळत होती, सून टाळ्या वाजवत होती, आणि मी मुलाचं तोंड बघायला मान वळवली.

त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं. पण टेबलाच्या कडेवरचा हात तिथे नव्हता. बोटं मिटली होती, मूठ छातीशी आली होती. चौतीस वर्षांचा बाप्या माणूस. तोही त्या मुठीकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्या कुणाची तरी असावी. मग त्यानं ती हळूहळू उघडली आणि हात खिशात घातला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. सुनेला काही कळलं नाही.

मी गज तिथेच खाली ठेवायला हवा होता. माझ्या हातातून तो नातीनं घेतला.

“मी! आता मी!” तिनं दोन्ही हातांनी गज उचलला, तो तिच्या खांद्याला लागत होता, आणि टेबलावर जोरात हाणला. “बस!”

बॉबिन आधीच खाली होता, त्याहून खाली कुठं जाणार? तो पोटावर घसटत मागं सरकत गेला, मशीनच्या पायाशी अडला आणि त्याच्याखालून फरशीवर ओल पसरत माझ्या पायापर्यंत आली.

“आजोबा, त्यानं शू केली!”

“नवी माणसं बघून बिचकला असेल,” सून म्हणाली आणि फडकं शोधायला लागली.

मुलानं बूट काढले. मला ते आधी नीट समजलंच नाही. त्यानं बूट काढले, पोरीच्या हातातून गज घेऊन भिंतीला उभा केला आणि म्हणाला, “बाबा, ‘ये’ म्हणा त्याला.”

“ते अजून...”

“म्हणून तर बघा.”

“ये,” मी म्हटलं. बॉबिन हलला नाही. “ये रे. ये बाळा. ये, ये, ये.” जितक्यांदा म्हणत होतो तितका आवाज गोड करत होतो, आणि तितका तो मशीनच्या पायामागं दबत होता. जमिनीनं पोटात घ्यावं असं म्हणतात. माझ्या फरशीनं घेतलं असतं तर मी एका पायावर तयार होतो.

मुलगा फरशीवर बसला, ओल्यापासून जेमतेम हातभर लांब, पाठ अर्धी वळवून. बराच वेळ गेला. मग बॉबिन सरपटत बाहेर आला आणि त्याच्या मांडीखाली नाक घालून पडून राहिला. मुलानं त्याच्या अंगावरून हात फिरवला. पाठीवरून, बरगड्यांवरून, मागच्या मांडीवर आला आणि बोटं थांबली. केसांखाली अजून गाठ होती.

“कडेनं,” तो म्हणाला. अगदी हळू, मला ऐकू जाईल एवढंच.

गज सपाट लागला तर आवाज मोठा होतो, दुखत कमी. कडेनं लागला तर आवाज कमी. हे या घरात दोनच माणसांना माहीत होतं.

“काय झालं? लागलंय का त्याला?” सून फडकं घेऊन आली. “पडला का कुठं?”

मुलगा कुत्र्याच्या कानामागं खाजवत राहिला. ‘पडला असेल’ म्हणणं त्याला किती सोपं होतं! दोन शब्द. पंचवीस वर्षांपूर्वी रोज जेवताना त्यानं मला असेच दोन शब्द दिले होते आणि मी ते घासाबरोबर गिळले होते. आज तो ते देत नव्हता. द्यावेत असं मला वाटत होतं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी खरोखर दोन-तीन श्वास त्याच्या तोंडाकडे आशेनं बघत होतो.

“पडला नाही,” मी म्हटलं. “मी मारलं. या गजानं.”

सून हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. नातीनं बटणांच्या डब्यातून मान वर काढली.

“का मारलं?”

“शिकत नव्हता म्हणून.”

तिनं जरा विचार केला. पोर भांडत नव्हती, रुसली नव्हती, तिनं फक्त आधीच सांगून ठेवावं तसं सांगितलं, “मला अजून सातचा आकडा नीट काढता येत नाही. उलटा पडतो.”

सून पुढं झाली आणि तिनं पोरीचा हात धरला. एवढंच केलं, पण ते मला बघवलं नाही. मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागलो. कोरडी झाल्यावरही पुसत होतो.

त्या दोघी बाहेर गेल्या. मुलगा बूट घालत होता. मी तिथूनच, फडकं हातात धरून म्हटलं, “याला घेऊन जा. तू दिलास, तूच ने. माझी लायकी नाही.”

“नेणं सोपं आहे,” तो नाडी बांधत म्हणाला. मग उभा राहिला. “पाळणाघरात नाव घालतो उद्या. हा राहू दे इथे. त्याला ‘ये’ शिकवा.”

“आणि शिकला तर?”

“तर मला सांगा,” तो म्हणाला, आणि गेला. बटणांचा डबा उघडाच राहिला होता. नातीनं पिवळी बटणं निळ्यांत मिसळली होती. ती मी अजून वेगळी केलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कुत्रेवाल्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ‘वाटलंच होतं’ असं म्हटलं नाही, एवढे त्यांचे उपकार. म्हणाले, “बोलावून मारलंत, मास्तर. आता ‘ये’ म्हणजे मार, असं त्याच्या डोक्यात बसलंय. पुसायला महिने लागतील. खाली बसा, हात रिकामे दिसू देत, आणि शब्द एकदाच.”

गज मोडावा असं मनात आलं होतं. मोडला नाही; लाकडाचा काय दोष? माळ्यावर ठेवला. आता टेपनं मोजून खडूनं रेघ मारतो. लांब कापडावर रेघ तिरकी जाते. परवा एक पडदा चक्क दोन बोटं वाकडा कापला गेला. मी पुन्हा कापला. कुणी काही म्हणालं नाही.

टेप मी फरशीवरही टाकतो. रोज तिन्ही वेळा माझ्या गुडघ्यापासून बॉबिनपर्यंत. पहिल्या आठवड्यात तो नऊ फुटांवर, मशीनच्या पायामागं. दुसऱ्या आठवड्यात साडेसात. मग एक दिवस बाहेर कुणाच्या तरी हातून पत्रा पडला, ठक् आवाज झाला आणि परत नऊ. शिंप्याला मापं घेतल्याशिवाय करमत नाही, म्हणून संध्याकाळी मुलाला फोन करून सांगायला लागलो. “आज सहा फूट.” तो “बरं” म्हणायचा. “आज पाच.” “बरं.” आमचं इतकं बोलणं गेल्या बारा वर्षांत झालं नव्हतं.

शाळा सुरू होऊन आता दोन महिने होत आले. साडेबारा वाजले की मी अजून रस्त्याकडे बघतो.

काल बॉबिन आला. अगदी गुडघ्यापाशी, मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून. त्यानं हातातलं अंडं घेतलं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या डोक्यावर थोपटायला हात उचलला. त्यानं डोळे मिटले. पळाला नाही. मान खाली घालून, डोळे मिटून, फटका यायची वाट बघत उभा राहिला. हे मिटलेले डोळे मी आधी पाहिले होते, मशीनवर वाकलेले, नऊ वर्षांच्या तोंडावर. तेव्हा मला वाटायचं, पोर टीप नीट बघतंय.

मी हात हवेतच थांबवला आणि खाली घेतला. मग फोन लावला.

“आला,” मी म्हटलं. “अंडं घेतलं. पण मी हात लावायला गेलो तर...”

“वरून नेलात हात?”

“हो.”

“वरून नका नेऊ. वरून आलेला हात मारायलाच आलाय असं वाटतं. खालून न्या, तळवा दिसेल असा. हनुवटीपाशी.”

“तुला रे कसं माहीत?” मी विचारलं. तोंडातून गेल्यावर जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

तो म्हणाला, “माहीत आहे, बाबा.”

माफी मागायला मला शब्द सापडत नव्हते. माझ्याकडे तर पावतीवर लिहिलेले पाचच आहेत.

“रविवारी ये,” मी म्हटलं.

पलीकडे काही आवाज नाही. ‘येशील ना? पोरीला घेऊन ये, सगळे या, ये रे,’ हे सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण मी एकदाच म्हणालो. मग फोन कानाशी धरून, रिकामा हात मांडीवर ठेवून, वाट बघत बसलो.